पॉलिश होण्याआधी लाकूड बघा: सागाच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

घरासाठी सागवानी दारं, कपाटं, झोपाळा करून घ्यायचं ठरवलं असेल आणि वर्कशॉपवाल्याला पैसे देणार असाल, तर हे आधी वाचा. आमचं काम 8,60,000 रुपयांचं होतं. त्यातले 7,74,000 रुपये माल पुण्याहून निघण्याआधीच आमच्याकडून वसूल झाले होते, आणि जो माल आला तो सांगितलेल्या लाकडाचा नव्हता.

घर आईचं, चिपळूणला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते आमच्याही तळमजल्यावर आलं. प्लायवूडची कपाटं दोन दिवसांत फुगली, पापुद्रे सुटले, दारं मिटेनात. चिखलासकट सगळं बाहेर टाकावं लागलं. टिकलं फक्त आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट. ते धुतलं, सावलीत वाळवलं, तेलपाणी केलं, आणि आजही आईच्या साड्या त्यातच असतात. म्हणून पुढे घर नव्यानं करताना ठरवलं की होईल ते भरीव सागात करायचं. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना तेवढं मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय.

पुण्यातल्या त्या वर्कशॉपवाल्यानं आमची ही पुराची हकिकत नीट ऐकून घेतली आणि तिच्यावरच सगळा सौदा उभा केला. ‘तुम्हाला सीपी सागच हवा,’ म्हणाला. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा, आताच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर भागातून साग गेला, हे खरंच आहे. ‘त्याच जंगलातलं लाकूड, बल्लारपूरच्या लिलावातलं,’ असं तो छातीठोकपणे सांगत होता. समोर फळी ठेवली, रंधा मारून ढलपी हातात दिली. सोनेरी तपकिरी रंग, जवळजवळ वलयं, तो तेलकट, चामड्यासारखा वास. ती फळी अस्सलच होती. अशा फसवणुकीत नमुना नेहमी अस्सलच असतो, कारण नमुन्याच्या जोरावरच पैसे निघतात.

भाव घनफुटाला 4,800 रुपये ठरला. बिल मागितलं की ‘काम पूर्ण झालं की सगळं एकत्र देतो’ हे एकच उत्तर. हातात आलं ते अंदाजपत्रक. त्यात मुख्य दारापुढे लिहिलं होतं ‘टीक, पीयू पॉलिश’ आणि कपाटांपुढे ‘टीक फिनिश’. तोंडी प्रत्येक वेळी सीपी साग. कागदावर सीपी कुठेच नाही, ‘भरीव’ही नाही. घाना, इक्वेडोर, टांझानियाहून येणारं लागवडीचं लाकूडही टीकच असतं आणि ‘फिनिश’ म्हणजे नुसता वरचा रंग. अंदाजपत्रकात हे शब्द दिसले तर ते खोडायला लावा. ‘भरीव सीपी साग, गाभ्याचं लाकूड, पांढरा भाग चालणार नाही’ असं लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडे काम देऊ नका.

निम्मे पैसे आगाऊ घेतले. माल तयार झाल्यावर त्यानं व्हिडिओ पाठवले: गणेशपट्टीवरची नक्षी, झोपाळ्याची पाटी, कपाटांची दारं, सगळं पॉलिश होऊन चकाचक. ‘चाळीस टक्के टाका, टेम्पो उद्या निघतो.’ आम्ही वर्कशॉपला येऊन बघतो म्हटलं, तर कधी पॉलिश ओलं होतं, कधी कारागीर गावी गेलेले. शेवटी दहा टक्के हातात राखून माल उतरवून घेतला.

पहिल्या पावसात मुख्य दार अडकायला लागलं. त्यानं फोनवर सांगितलं, ‘कोकणातली हवा दमट, लाकूड फुगणारच.’ लाकूड पावसाळ्यात थोडं फुगतं हे खरं. पण पाऊस सरल्यावर चौकटीच्या पायथ्याशी रोज सकाळी मैद्यासारखी बारीक पिवळसर पूड दिसायला लागली. आई केर काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. वर बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं. ही हवा नव्हे, ही कीड.

गावातल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी दाराची वरची बिजागरी काढली. बिजागरीखालच्या खाचेत पॉलिश पोचलेलं नसतं. तिथे पटाशीनं एक पातळ ढलपी उडवली. आतून लाकूड जवळजवळ पांढरं, वास काहीच नाही. काका म्हणाले, ‘ताई, साग नाय असं नाय. पण गाभ्याचा नाय. सगळी सालीकडची पांढरी. वरून रंग मारलाय.’

या प्रकाराची खरी मेख इथेच आहे. साग टिकतो तो गाभ्यातल्या द्रव्यांमुळे. वाळवीला, किडीला, बुरशीला तो दाद देत नाही तो त्यांच्याचमुळे. सालीलगतच्या पांढऱ्या भागात ही द्रव्यं नसतात, उलट पिष्ट असतं, आणि पूड पाडणारे भुंगे तेच खायला येतात. म्हणजे पांढरा साग टिकायच्या बाबतीत कुठल्याही हलक्या लाकडासारखाच. लवकर तोडलेल्या कोवळ्या झाडांत गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त निघतो, म्हणून ते स्वस्त पडतं. स्टेनर मारून रंग एकसारखा केला, वर पीयूचे हात दिले, की डोळ्यांना काही कळत नाही. आणि विचारायला गेलात तर ‘सागच आहे’ हे तो तुमच्या डोळ्यात बघून म्हणू शकतो.

मग काकांनी टेप लावली. चौकट पाच बाय तीन इंचांची धरली होती. आठ फूट उंच, चार फूट रुंद, उंबरठ्यासकट 24 फूट लांबी. 5 गुणिले 3 गुणिले 24 भागिले 144, म्हणजे अडीच घनफूट, 12,000 रुपये. प्रत्यक्षात माप भरलं सव्वाचार बाय अडीच. म्हणजे 1.77 घनफूट, साधारण 8,500 रुपयांचं लाकूड. रंध्यात पाव इंच जातो हे मान्य, पाऊण इंच जात नाही. एका चौकटीत साडेतीन हजारांचा फरक, आणि घरात चौकटी बऱ्याच. हा हिशेब कुणालाही घरबसल्या करता येतो. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला 144 ने भागा.

कपाटांचं तर विचारूच नका. कुलपाचं भोक पाडलं होतं त्याची पट्टी काढली तर आत दाबलेल्या भुशाचा तपकिरी लगदा. एमडीएफ, वर सागाचं विनियर, म्हणजे चिकटवलेला पातळ पापुद्रा. जे पाण्यात फुगतं म्हणून आम्ही बाहेर टाकलं होतं, त्याच्याहून वाईट वस्तू सागाच्या भावात घरात आली होती. माल उतरवताना सगळे म्हणाले होते, ‘केवढं जड आहे, अस्सल दिसतंय.’ एमडीएफ सागाइतकंच किंवा जरा जास्तच जड असतं, तेव्हा वजनावर जाऊ नका. दाराची वरची कड बघा. भरीव फळीत रेषा कडेवरून वळून पुढे जातात आणि टोकाला वलयं दिसतात. विनियरची रेषा कडेशी थांबते आणि तिथे वेगळी पट्टी चिकटवलेली असते. शेजारशेजारच्या दारांवर हुबेहूब तीच नक्षी उमटलेली दिसली तरी समजा की एकाच ओंडक्याचे पापुद्रे काढून चिकटवलेत.

ट्रॉल्यांच्या प्लायवर आयएस 710 चा शिक्का होता, म्हणजे मरीन. खऱ्या 710 प्लायनं 72 तास उकळत्या पाण्यात पापुद्रे न सुटता टिकायला हवं. शिक्क्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की कंपनी आणि परवान्याची स्थिती दिसते. आमच्या प्लायवरच्या क्रमांकाची नोंदच सापडली नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: पॉलिश चढण्याआधी, कच्च्या लाकडात, स्वतः वर्कशॉपला जाऊन माल बघा आणि दुसरा हप्ता त्यानंतरच द्या. जाताना गावातला एखादा जाणता सुतार बरोबर न्या, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. सांध्यांची कुसू आणि खाची उघड्या असताना बघा, फटी भुसा-फेविकॉलनं भरल्यात का बघा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. साग 12 टक्क्यांच्या आसपास असावा, फार वर असेल तर दारं पुढे पिळणार. साग वन विभागाच्या वाहतूक परवान्यावर फिरतो, तेव्हा लाकूड कुठून घेतलं त्याची पावती आणि परवान्याची प्रत मागा. खरा व्यापारी ती दाखवतो. प्रामाणिक कारागीर या तपासणीनं दुखावत नाहीत. काकांनीच मला सांगितलं की गिऱ्हाईक कच्चं लाकूड बघायला आलं तर त्यांना बरंच वाटतं, पुढे शंका उरत नाही.

आम्ही नोटीस पाठवली. सीपी साग म्हणून केलेले त्याचे व्हॉइस मेसेज, अंदाजपत्रक, बँकेच्या नोंदी, बिजागरीखालचे फोटो आणि सुताराचा लेखी अभिप्राय सोबत जोडला. नोटीस मिळाल्यावर कपाटांचे काही पैसे परत आले. चौकटी आणि झोपाळ्याबद्दल तो अजून बधलेला नाही, म्हणून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता पुण्याचा असला तरी तिथे खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोगच बघतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरूनही तक्रार दाखल होते. आधी सल्ला हवा असेल तर 1915 वर फोन करा. मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्याही चौकटीखाली पूड पडत असेल, तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा आणि बिजागरीखालून काढलेली ढलपी तारीख घालून पाकिटात जपून ठेवा.