‘हेगेमोन’साठी मराठी शब्द: ‘अधिपती’ की ‘अग्रणी’?

ग्रीक इतिहासावर मराठीत लिहिणाऱ्या किंवा ग्रीक उतारे मराठीत आणणाऱ्या प्रत्येकाला ‘हेगेमोन’ या शब्दापाशी थांबावे लागते. कोशात त्याचे अर्थ नेता, सेनापती, मार्गदर्शक, प्रांताधिकारी असे ओळीने दिलेले असतात आणि ते वाचकाला ठाऊक आहेत असे मी धरून चालतो. प्रश्न मराठी प्रतिशब्दाचा आहे. माझ्यापुढे शेवटी दोनच शब्द उरले, ‘अधिपती’ आणि ‘अग्रणी’. सुमारे दोन वर्षे मी पहिला वापरला, नंतर दुसऱ्याकडे वळलो.

इतर शब्दांचाही विचार केला होता. ‘नेता’ बरोबर आहे, पण इतका सर्वसाधारण की त्यात ग्रीक शब्दाची ओळख उरत नाही. ‘पुढारी’ घडणीने सर्वांत जवळचा, कारण पुढे असणारा तो पुढारी; मात्र निवडणुकीच्या राजकारणाशी त्याचे नाते आता इतके घट्ट झाले आहे की स्पार्टाच्या राजाला तो लावणे जड जाते. ‘धुरीण’ हा भारदस्त शब्द आहे, आणि ‘हेगेमनी’ या आधुनिक राज्यशास्त्रीय संकल्पनेसाठी मराठी अभ्यासकांनी ‘धुरीणत्व’ वापरले आहे ते मला योग्य वाटते. परंतु त्यात जू खांद्यावर घेण्याची प्रतिमा आहे, आणि ग्रीक शब्दात वाट चालण्याची.

‘अधिपती’च्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. शब्द वाचकाच्या ओळखीचा आहे, त्याला वजन आहे, आणि त्याचे भाववाचक रूप ‘आधिपत्य’ कोणत्याही वाक्यात अडखळल्याशिवाय बसते. ‘हेगेमोनिया’, म्हणजे हेगेमोनचे पद, आली की ‘आधिपत्य’ लिहावे आणि पुढे जावे, अशी सोय ‘अग्रणी’ देत नाही. ‘अग्रणीत्व’ जिभेला जड वाटते म्हणून मी ‘अग्रणीपद’ लिहितो, आणि तेही मला पूर्ण समाधान देते असे म्हणवत नाही.

तरीही ‘अधिपती’ सोडावा लागला, तो ग्रीक लेखक झेनोफोनच्या एका वाक्यामुळे. इ. स. पू. 401 मध्ये कुनाक्साच्या लढाईनंतर ग्रीक भाडोत्री सैन्य आर्मेनियाच्या डोंगरांतून काळ्या समुद्राकडे परतत होते, त्या प्रवासातील हा प्रसंग आहे. सैन्य गिम्नियास नावाच्या शहरापाशी पोचते, आणि तेथे त्या मुलखाचा ‘आर्खोन’ ग्रीकांकडे एक ‘हेगेमोन’ पाठवतो. ‘आर्खोन’ म्हणजे सत्ता चालवणारा, आणि ‘हेगेमोन’ म्हणजे येथे वाट दाखवण्यासाठी दिलेला माणूस. पाच दिवसांत समुद्र दिसेल अशा जागी तुम्हांला नेतो, नाही नेले तर माझा जीव घ्या, असे तो सांगतो. पाचव्या दिवशी सैन्य थेखेस पर्वतावर चढते आणि पुढच्या तुकडीतून समुद्र दिसल्याचा घोष उठतो. त्यानंतर ग्रीक त्याला सामाईक मालातून एक घोडा, चांदीचे पात्र, पर्शियन पोशाख आणि दहा दरिक, म्हणजे पर्शियन सोन्याची नाणी, देतात. त्याला मात्र सर्वांत जास्त ओढ सैनिकांच्या बोटांतील अंगठ्यांची असते, आणि त्या मागून तो पुष्कळ मिळवतो. मग मुक्कामासाठी एक गाव आणि पुढची वाट दाखवून, संध्याकाळ झाल्यावर, तो रात्रीच्या अंधारात निघून जातो.

माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य ‘त्या मुलखाच्या अधिपतीने एक अधिपती पाठवला’ असे होऊ लागले होते, म्हणून मी आर्खोनला ‘राजा’ केले आणि वेळ मारून नेली. पण तो उतारा आईला वाचून दाखवला तेव्हा तिने सरळ विचारले, “हा अधिपती आहे, तर अंगठ्या मागायची वेळ त्याच्यावर का यावी?” आईला ग्रीक येत नाही. शब्द चुकीचा आहे हे तिला माझ्या आधी कळले, कारण तिने तो माणूस डोळ्यांसमोर उभा केला होता आणि मी फक्त कोश उघडला होता. त्या ओळीत मी आता ‘वाटाड्या’ लिहितो आणि तळटीपेत सांगतो की मूळ शब्द ‘हेगेमोन’ आहे, ज्याला इतरत्र मी ‘अग्रणी’ म्हटले आहे. वाटाड्या आणि अग्रणी एकाच शब्दाचे दोन उपयोग आहेत हे मराठी वाचकाला पटते, कारण दोघेही पुढे चालतात. वाटाड्या आणि अधिपती एकच, हे मात्र कोणत्याही तळटीपेने पटवता येईल असे मला वाटत नाही.

शब्दांचे कूळ पाहिले तर हा अनुभव अपघाती नव्हता असे दिसते. ‘हेगेमोन’ ज्या ‘हेगेओमाइ’ या क्रियापदापासून आला त्याचा मूळ व्यवहार पुढे जाण्याचा, वाट दाखवण्याचा आहे. कोणाला वाट दाखवायची ते चतुर्थीसारख्या विभक्तीत येते, कोणाचे नेतृत्व करायचे ते षष्ठीत, आणि महाकवी होमरमध्ये हे दोन्ही व्यवहार शेजारी नांदतात. त्याचा नायक ओडिसियस मृतांच्या लोकी जायला निघतो तेव्हा या वाटेवर आमचा हेगेमोन कोण होणार अशी त्याला काळजी पडते, आणि किर्की ही जादूगार देवी त्याला धीर देते की त्याची चिंता नको, डोलकाठी उभार, शिडे पसर आणि बस, उत्तरेचा वारा नेईल. उलट ‘अधिपती’मधील ‘पती’ हा ग्रीक ‘देस्पोतेस’च्या उत्तरार्धाचा सख्खा भाऊ आहे, कारण ‘देस्पोतेस’ म्हणजे घरधनी आणि वैदिक ‘दम्पति’चा मूळ अर्थही तोच. म्हणजे ‘हेगेमोन’ला ‘अधिपती’ म्हणताना आपण नकळत त्याला ‘देस्पोतेस’च्या घरी नेऊन बसवतो. ‘अग्रणी’त ‘अग्र’ आहे आणि ‘नी’ हा नेण्याचा धातू आहे, त्यामुळे मूळ प्रतिमा जशीच्या तशी राहते.

हेगेमोनच्या समोरचा शब्द कोणता, हेही पाहावे. मालकासमोर दास असतो, हेगेमोनसमोर ‘मागून येणारे’ असतात. इ. स. पू. 404 मध्ये अथेन्सने शरणागती पत्करली तेव्हा स्पार्टा जमिनीवर आणि समुद्रावर जेथे नेईल तेथे मागून जाण्याची अट तिच्यावर घातली गेली. मागून जाण्याचे ग्रीक क्रियापद आपल्या ‘सच्’ धातूचे भावंड आहे, ज्यातून ‘सचिव’ आला. पर्शियनांविरुद्धच्या आर्तेमिसिअमच्या आरमारी लढाईतही हेच दिसते. इतिहासकार हिरोडोटसच्या नोंदीनुसार तेथे अथेन्सची 127 जहाजे होती आणि स्पार्टाची 10; तरी नेतृत्व स्पार्टाच्या युरिबिआडीसकडे गेले, कारण स्पार्टाचा माणूस पुढे नसेल तर अथेन्सच्या मागून आम्ही येणार नाही असे मित्रराज्यांनी सांगितले. दहा जहाजांच्या धन्याला अधिपती म्हणणे अवघड आहे. आपल्याकडे जिल्ह्याच्या ‘अग्रणी बँके’कडे पाहिले की हे नाते चटकन कळते, ती इतर बँकांची मालक नसते, तरी जिल्ह्याच्या पतपुरवठ्याच्या कामात ती पुढे असते आणि बाकीच्या तिच्याबरोबर चालतात.

सर्वांत मोठी अडचण मात्र अथेन्सचा इतिहासकार थुसिडिडीस याच्यापाशी येते, आणि ज्यांना इ. स. पू. पाचव्या शतकावर लिहायचे आहे त्यांनी तिचा विचार आधीच करावा. इ. स. पू. 478 नंतर डेलॉस संघ, म्हणजे अथेन्सच्या पुढाकाराने ग्रीक नगरांची आघाडी, उभा राहिला तेव्हा अथेन्स प्रारंभी स्वायत्त मित्रांचा हेगेमोन होता आणि निर्णय सामाईक सभांत होत, असे तो लिहितो. पुढे संघाचा खजिना इ. स. पू. 454 मध्ये अथेन्सला आला, बाहेर पडू पाहणाऱ्या बेटांवर सैन्य गेले, आणि ‘हेगेमोनिया’च्या जागी ‘आर्खे’, म्हणजे उघड सत्ता, दिसू लागली. मित्रांनी स्वतः येऊन आम्हांला हेगेमोन होण्याची विनंती केली, मग आधी भीतीने, नंतर मानासाठी आणि शेवटी लाभासाठी आम्ही ती सत्ता वाढवत नेली, असे अथेन्सचे दूत स्पार्टात सांगतात. ‘हेगेमोनिया’वरच ‘आधिपत्य’ खर्च केले तर ‘आर्खे’साठी हाती काय राहते? अग्रणीपदाचे आधिपत्य कसे झाले, ही त्या इतिहासाची कथा पहिल्याच पानावर संपून जाते. ‘आधिपत्य’ हा उत्तम शब्द आहे, म्हणूनच तो मी ‘आर्खे’साठी राखून ठेवतो.

मॅसिडॉनचा राजा फिलिप याच्याबद्दल मला स्वतःला काही काळ शंका होती. इ. स. पू. 338 मध्ये कायरोनियाला ग्रीक सैन्याचा पराभव करून त्याने पुढच्या वर्षी कोरिंथला जो संघ बांधला, त्यात तो प्रत्यक्षात धनीच होता, म्हणून तेथे ‘अधिपती’ लिहावासा वाटतो. पण त्याने संघात स्वतःसाठी ‘हेगेमोन’ हेच पद घेतले, जे स्वायत्त नगरांना मानाने स्वीकारता येईल असे होते. त्याच्या त्या निवडीत त्याचे राजकारण आहे, आणि ‘अधिपती’ लिहिले की ती निवडच वाचकाच्या नजरेआड जाते.

रोमन काळासाठी मात्र माझा आग्रह नाही. तोवर ‘हेगेमोन’ हा प्रांताधिकाऱ्याचा हुद्दा झाला होता, आणि बायबलच्या नव्या करारात येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलातासाठी हाच शब्द आहे. प्रचलित मराठी बायबलात त्याला ‘सुभेदार’ म्हटले आहे. वरून नेमलेला, सुभ्याचा कारभार पाहणारा आणि शिक्षा सुनावण्याचा अधिकार असलेला माणूस त्या एका शब्दात येतो, आणि तेथे ‘अग्रणी’ घालण्याचा विचारही मी केला नाही.