पिन बसली, पण चित्र आलं नाही: प्रोजेक्टरच्या जोडणीत एका शाळेची झालेली फसवणूक

बिल २८,१०० रुपयांचं आहे. ‘फोर के’ प्रोजेक्टर २१,०००, तीस मीटर एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) केबल ३,८००, एचडीएमआय ते तीन पिना अशा दोन वायरी ९००, चित्र लांब नेण्यासाठी एक्स्टेंडरची जोडी १,३०० आणि मोबाइलसाठी टाइप-सी ते एचडीएमआय डबी १,१००. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून हे सामान शाळेला दिलं. जुन्या स्नेहसंमेलनांच्या डीव्हीडी आणि टेपा मोठ्या पडद्यावर दाखवायच्या, आणि मागच्या रांगेतल्या पालकांनाही रंगमंच नीट दिसावा म्हणून कॅमेरा थेट पडद्याला जोडायचा, एवढीच गरज होती. कार्यक्रमाच्या दिवशी या पाचांपैकी एकाही वस्तूने सांगितलेलं काम केलं नाही.

पिना मात्र सगळ्या आपापल्या खाचेत चपखल बसत होत्या. फसवणूक होते ती नेमकी इथेच. घेणारा बघतो की हे टोक त्यात जातं का. त्या टोकातून कोणता सिग्नल बाहेर पडतो आणि समोरचं यंत्र कोणता सिग्नल घेतं, हे तो विचारत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

सुरुवात ९०० रुपयांच्या वायरींपासून करू, कारण सगळ्यात जास्त लोक त्यांनाच फसतात. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी आणि लाल पिन, मध्ये नुसती वायर. ‘दोन्ही बाजूंनी चालते’ असं सांगून ती डीव्हीडी प्लेअरसाठी एक आणि जुन्या कॅमेऱ्यासाठी एक अशी खपवली गेली. अशी वायर कुठल्याच बाजूने चालत नाही. पिवळ्या पिनेतून उजेड, रंग आणि ताळमेळाचे ठोके असं सगळं एकाच तारेवरून, ॲनालॉग स्वरूपात जातं. एचडीएमआयमध्ये १९ पिना असतात, आणि चित्र तीन जोड्यांवरून आकड्यांच्या रूपात जातं, घड्याळाच्या ठोक्यासाठी चौथी जोडी वेगळी. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला चिप लागते आणि चिपला वीज लागते. म्हणून ओळख सोपी आहे: मध्ये डबी नाही, ५ व्होल्टची वीज द्यायला जागा नाही, तर ती वायर घेऊच नका. मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासलं, तर पिवळ्या पिनेचा मधला काटा एचडीएमआयच्या एखाद्या पिनेला सरळ जोडलेला सापडतो. मध्ये काहीच नाही, नुसतं तांबं.

डबीवाला खरा कन्व्हर्टर पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो, पण तिथेही दिशा पाहावी लागते. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ (एव्ही म्हणजे तीच पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जोडणी) या दोन डब्या आकाराने आणि रंगाने अगदी सारख्या दिसतात. जुना प्लेअर नव्या प्रोजेक्टरला जोडायचा असेल तर पहिली हवी. डबीवरचं बटण १०८० ओळींवर सरकवलं म्हणून चित्र सुधारत नाही. भारतातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ५७६ ओळी असतात, डबी त्याच ओळी ताणून मोठ्या चौकटीत बसवते. कन्व्हर्टरला वीज नेहमी वेगळ्या चार्जरची द्यावी. प्रोजेक्टरच्या यूएसबीतून दिली तर बऱ्याचदा चित्र मध्येच थरथरतं किंवा गायब होतं.

या शाळेला तर डबीचीसुद्धा गरज नव्हती. प्रोजेक्टरच्या कडेला, रबरी झाकणाखाली, हेडफोनच्या आकाराचं ‘एव्ही’ लिहिलेलं भोक होतं आणि खोक्याच्या तळाशी त्याची वीतभर तीनतोंडी वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडलेली होती. प्लेअरची पिवळी, पांढरी, लाल वायर तिला जोडली असती आणि मेनूत सोर्स ‘एव्ही’ केला असता, तर एक रुपयाही खर्च न होता डीव्हीडी दिसली असती. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही. खोकं विकत घेतलं की आधी त्याच्या तळापर्यंत जा.

टेपवाल्या जुन्या कॅमेऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या एव्ही वायरीच्या टोकाला चार कप्प्यांची ३.५ मिलिमीटरची पिन असते, आणि कोणत्या कप्प्यात चित्र, कोणत्यात आवाज, कोणत्यात अर्थ (ग्राउंड), हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. बाजारात मिळणारी वायर दिसायला तशीच, पण कप्पे वेगळे. मग स्पीकरमधून जोरात भुणभुण येते आणि पडदा काळा राहतो, कारण चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेलेला असतो. अशा वेळी लाल पिन पिवळ्या खाचेत लावून पाहा, मग पांढरी लावून पाहा. तिन्हीत चित्र आलं नाही तर अर्थचाच कप्पा निराळा आहे, ती वायर त्या कॅमेऱ्याला कधीच चालणार नाही. दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या आणि चित्र पाहूनच पैसे द्या.

आता २१,००० चा प्रोजेक्टर. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फोर के’, शेजारी ‘९,५०० ल्युमेन्स’. आतल्या कागदावर बारीक अक्षरांत नेटिव्ह रेझोल्यूशन १२८० × ७२०. म्हणजे पडद्यावर उमटणारे ठिपके ९,२१,६००. फोर के म्हणजे ३८४० × २१६०, ८२,९४,४०० ठिपके, बरोबर नऊपट. ‘फोर के सपोर्ट’ याचा अर्थ इतकाच की फोर केचा सिग्नल यंत्र आत घेतं, मग चुरगाळून आपल्या छोट्या काचेवर, म्हणजे चित्र जिथे तयार होतं त्या आतल्या पॅनेलवर, बसवतं. याहून स्वस्त यंत्रांत ही काच ८०० × ४८० चीसुद्धा असते. तपासायचं असेल तर लॅपटॉप १९२० × १०८० वर आणि स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवा, नऊ-दहा पॉइंटचा मजकूर उघडा आणि पडद्याजवळ जाऊन अक्षरं पाहा. कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय) बंद करूनच पाहा, कारण कीस्टोन सुरू असेल तर चांगल्या प्रोजेक्टरचीही अक्षरं जराशी फुटतात. काच खरी १०८०ची असेल तर ‘ळ’ आणि ‘ण’ नीट वेगळे वाचता येतात. खोटी असेल तर त्यांचे गोळे होतात.

उजेडाची थाप याहून मोठी आहे. प्रोजेक्टरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर वीज लिहिलेली होती: ९० वॅट. साधारण ३,५०० खऱ्या ल्युमेन्सचा दिव्याचा प्रोजेक्टर ३०० वॅटच्या आसपास वीज खातो. एकाच एलसीडी काचेच्या स्वस्त यंत्रात एलईडीचा बहुतेक उजेड पोलरायझर आणि रंगाच्या फिल्टरमध्येच जिरतो, भिंगापर्यंत फार थोडा पोचतो. अशा यंत्रातून ९,५०० बाहेर पडणं अशक्यच. खोक्यावरचा आकडा आतल्या एलईडीचा असतो, नाहीतर सरळ मनाचा. पाहायचे ते ‘अँसी ल्युमेन्स’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन्स’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला, बाहेर पडणारा उजेड. नुसतं ‘ल्युमेन्स’, ‘एलईडी ल्युमेन्स’ किंवा ‘लक्स’ लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका.

आणि हे मोजता येतं. दोन हजारांच्या आत साधा लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, मिळतो. खोली पूर्ण काळोखी करा, पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र टाका, त्याचे आडवे तीन आणि उभे तीन असे नऊ चौकोन मनाशी पाडा. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर मीटर प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा, नऊ आकड्यांची सरासरी काढा आणि चित्राच्या चौरस मीटरने गुणा. चित्र २ मीटर रुंद, १.१२५ मीटर उंच असेल तर क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर. सरासरी ११० लक्स आली तर गुणाकार २४७ ल्युमेन्स. या जातीच्या यंत्राचं खरं वजन साधारण एवढंच निघतं. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, त्याचा सेन्सर या कामाचा नाही.

मग दुकानात चित्र इतकं झगझगीत कसं दिसलं? दुकानाचा मागचा कोपरा अंधारा होता, चित्र ४० इंची होतं, आणि पेनड्राइव्ह दुकानदाराचा होता, त्यात काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी फुलं आणि मासे. तेच चित्र शाळेत १२० इंची केलं की क्षेत्रफळ नऊपट होतं आणि प्रत्येक ठिकाणचा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. त्यात सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. पाहणाऱ्यांना पडद्यावर राखाडी धुकं दिसलं. ट्यूबलाइट सुरू ठेवून सभागृहात १०० ते १२० इंचांचं चित्र हवं असेल, तर तीन हजार अँसी ल्युमेन्सच्या खाली जाऊ नये. तेवढे पैसे नसतील तर जुना, नावाजलेल्या कंपनीचा, दिव्याचे तास तपासलेला प्रोजेक्टर घ्यावा किंवा त्या दिवसापुरता भाड्याने आणावा. नव्या खोट्यापेक्षा तो कितीतरी बरा.

तीस मीटरच्या केबलवर ‘२.१, एट के’ छापलेलं होतं. साध्या तांब्याच्या केबलमधून २.१चा सेकंदाला ४८ गिगाबिटचा सिग्नल काही मोजक्या मीटरपलीकडे जातच नाही, तेव्हा तांब्याच्या तीस मीटर केबलवर हा छाप दिसला की तो खोटा समजा. खरं तर केबलला आवृत्तीचा आकडा नसतोच. तिचे प्रकार असतात, हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड, आणि शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करून पडताळता येणारं लेबल असतं. १०८०च्या चित्रासाठी चांगली, जाड तांब्याची केबल दहा-पंधरा मीटरपर्यंत भरवशाची. पुढे आधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागतात, मग दोन-दोन सेकंद चित्र जातं, मग ‘नो सिग्नल’. दुकानात मात्र ती केबल गुंडाळलेली असतानाच ७२०च्या सेट-टॉप बॉक्सवर चालवून दाखवतात.

ऐन कार्यक्रमात असं झालं तर एक उपाय लक्षात ठेवा. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय आउटपुट १०८०पी ५० (१०८० ओळी, सेकंदाला ५० चित्रं) वरून ७२०पी ५० किंवा १०८०पी २५ करा. सिग्नलचा वेग निम्मा होतो, १४८.५ मेगाहर्ट्झवरून ७४.२५ वर येतो, आणि मरणाला टेकलेली केबल बहुधा तग धरते.

कायमचा इलाज तीन प्रकारचा. ऑप्टिकल (प्रकाशाच्या रूपात सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल, जिच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेलं असतं. ती उलटी टाकली तर काहीच दिसत नाही, आणि मांडवाच्या बांबूतून ओढून झाल्यावर हे कळलं तर सगळी पुन्हा काढावी लागते. दुसरा, एचडीबेसटीचा संच, एका कॅट-६ (नेटवर्कच्या) वायरवर १०८० चित्र शंभर मीटरपर्यंत. तिसरा, कॅमेऱ्यासाठी आम्हाला सगळ्यात पटणारा: एसडीआय, म्हणजे टीव्ही स्टुडिओत एकाच वायरवरून चित्र नेण्याची पद्धत. कॅमेऱ्याजवळ एचडीएमआय ते एसडीआय, प्रोजेक्टरजवळ एसडीआय ते एचडीएमआय, मध्ये ७५ ओहमची आरजी-६, म्हणजे केबल टीव्हीला वापरतात तशी वायर. वायर तुटली तर तिथल्या तिथे नवीन कनेक्टर लावता येतो. मात्र ब्ल्यू-रे प्लेअर किंवा डीटीएचचा बॉक्स या वाटेने जोडू नका, कॉपी-संरक्षणामुळे पडदा काळाच राहील. आणि वायर विकत घेताना तिचं टोक ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखं चकाकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम किंवा पोलाद आहे.

१,३०० ची एक्स्टेंडर जोडी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन टोप्या, प्रत्येकीला दोन नेटवर्क खाचा, विजेची सोय नाही. आत चिप नाही, ताराच फक्त वेगळ्या वाटेने नेल्या आहेत. पाच-सात मीटरवर नशिबाने चालतात, सभागृहात नाही.

टाइप-सीची डबीही तशीच. ती स्वतः खोटी नव्हती, पण फोनच्या खाचेतून चित्र बाहेर येण्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असावा लागतो, आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. विकणाऱ्याने फोनचं मॉडेल विचारलंच नाही.

नवा कॅमेरा जोडताना होणारं नुकसान विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, म्हणून तेही सांगतो. कॅमेऱ्याची मायक्रो एचडीएमआय खाच फार नाजूक असते. जाड केबलचं वजन तिच्यावर टांगलं तर ती मदरबोर्डवरून उखडते. अर्ध्या मीटरची मऊ वायर आधी लावा, ती स्टँडला दोरीने बांधा आणि लांब केबल तिथून पुढे जोडा. मेनूत ऑटो पॉवर-ऑफ बंद करा आणि एचडीएमआयवरची अक्षरं दाखवणं बंद करा, नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि फोकसचे चौकोन सगळ्या गावाला दिसतात. कॅमेरा, मिक्सर आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या, निदान जनरेटर असेल तिथे तरी. वेगवेगळ्या अर्थिंगवरची यंत्रं एचडीएमआयने जोडताना ठिणगी उडून खाच जळू शकते. आधी केबल लावा, मग प्रोजेक्टर सुरू करा, मग कॅमेरा किंवा प्लेअर, म्हणजे प्रोजेक्टरला काय चालतं ते समोरच्या यंत्राला कळतं.

पैसे परत मागताना शाळेची बाजू कमजोर पडली, कारण बिलावर फक्त ‘प्रोजेक्टर १ नग, केबल १ नग’ एवढंच होतं. ‘नेटिव्ह १९२० × १०८०, ३,००० अँसी ल्युमेन्स’ आणि ‘केबल ३० मीटर, १०८०पी ५० चालेल’ हे शब्द बिलावर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. खोक्यावरच्या खोट्या आकड्यांचे फोटो काढा, खोकं फेकू नका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी. व्यवहार पाच लाखांच्या आतला असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारीसोबत नऊ चौकोनांच्या लक्सचे आकडे, तारीख आणि मीटरचा फोटो जोडा, आणि डबी नसलेल्या त्या वायरीचाही.