मस्टँगला मागून आयआरएस टाकायचंय? जॅग्वार, कॉर्व्हेट, कोब्रा की अजून काही : आधी टेप घ्या

माझा आतेभाऊ मिशिगनला असतो, इथल्या चाकणच्याच एका कंपनीतून तिकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या गॅरेजमध्ये 1967 ची मस्टँग उभी आहे. तिचा लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच सलग ॲक्सल) काढून त्याला आयआरएस, म्हणजे मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं सस्पेन्शन, टाकायचंय. गेल्या चार महिन्यांपासून दर रविवारी सकाळी (त्याची शनिवारची रात्र असते) व्हिडिओ कॉल, आणि प्रश्न एकच, दादा, मागचा डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) कुठला घेऊ. मी भोसरीला मशीन शॉप चालवतो, गिअर-शाफ्टमध्येच आयुष्य गेलंय म्हणून मला विचारतो. त्याला तुकड्या-तुकड्यात जे सांगितलं ते एकदा नीट लिहून टाकतो, कारण इथे कॉन्टेसा घेऊन बसलेली दोन-तीन पोरं पण तेच विचारतायत.

सगळे आधी क्राउनचा, म्हणजे डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, साइज विचारतात. साडेआठ आहे का, 8.8 आहे का, नऊ इंची का नको वगैरे. मला विचाराल तर क्राउन सगळ्यात शेवटी. गाडीच्या खाली झोपा, टेप लावा आणि एका बाजूच्या ड्रमच्या तोंडापासून दुसऱ्या बाजूच्या तोंडापर्यंत माप घ्या. 67 च्या मस्टँगला हे साधारण सव्वा एकोणसाठ इंच भरतं, 65-66 ची असेल तर दोन इंच कमी. आता या मापात कुठला आयआरएस बसतो तो बघा, अर्धे पर्याय इथेच गळतात. आणि एक गोची आहे, कागदावर जो ‘ट्रॅक’ लिहिलेला असतो तो टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा, हबच्या तोंडाचं (जिथे चाक बोल्ट होतं) माप वेगळं. व्हीलचा ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) बदलला की दोघांमधला फरक बदलतो. भावाने पहिल्यांदा हीच गफलत केली आणि दोन आठवडे आम्ही चुकीच्या आकड्यावर वाद घालत बसलो.

तर जॅग्वार. 1961 ला ई-टाइपबरोबर आलेली ही डिझाइन, पुढे एक्सजे आणि एक्सजेएसमध्ये नव्वदच्या दशकापर्यंत चालली. पूर्ण युनिट एका पत्र्याच्या पिंजऱ्यात येतं, चार शॉकअप, खाली एक आर्म, आणि वरचा आर्म म्हणजे हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) स्वतःच. दिसायला इतकं देखणं की हॉट रॉडवाले क्रोम करून मागून उघडं ठेवतात. मापाच्या बाबतीत पण सोयीचं, कारण रुंदी कमी करायची तर खालचा आर्म आणि हाफ शाफ्ट दोन्ही सारखे कापून छोटे करायचे, बाकी भूमिती फार बिघडत नाही. आतला डिफ सॅलिसबरी कंपनीचा, अमेरिकन डाना 44 डिफचा चुलतभाऊ म्हणा, मजबूत आहे. पण ब्रेक डिस्क चाकात नाहीत, डिफला चिकटून आत आहेत. अनस्प्रंग वजन (चाकाबरोबर वर-खाली हलणारं) कमी होतं हे खरं, पण गरम झालेली डिस्क शेजारच्या ऑइल सीलला भाजून काढते, मग ऑइल गळतं आणि ते नेमकं डिस्कवरच. पॅड बदलायचे तर पिंजऱ्यात हात घालून शिव्या देत बसायचं. मिशिगन सपाट आहे, तिथे चालून जाईल. आपल्याकडे ताम्हिणी उतरून आलात तर मागून वास येईल. एक्सजेएसच्या शेवटच्या काही वर्षांत कंपनीनेच ब्रेक बाहेर चाकाकडे नेले, त्यावरून काय ते समजा.

कॉर्व्हेट सी4, म्हणजे 1984 ते 96. ॲल्युमिनियमचे आर्म, वजनाला हलकं. याच्यात दोन डिफ येतात, ऑटोमॅटिकला डाना 36 आणि मॅन्युअलला डाना 44. क्राउन अनुक्रमे 7.875 आणि 8.5 इंच. विकणारा ‘कॉर्व्हेटचा आहे’ एवढंच सांगतो, कुठला ते तुम्ही विचारायचं, टॉर्क भरपूर असेल तर 36 च्या नादी लागू नका. पण खरी मेख वेगळीच आहे. सी4 मध्ये डिफचं नाक (पुढे आलेलं टोक) आणि गिअरबॉक्स एका लांब बीमने जोडलेले असतात, पिनियन (क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) वर उचलायला बघतो तो जोर हा बीम घेतो. तुमच्या गाडीत तो बीम बहुतेक बसणार नाही, म्हणजे नाकाला पकडणारा सपोर्ट स्वतः बनवावा लागेल, आणि तो कच्चा बनला तर मागचं बॅटविंग कव्हर, ज्याच्यावर सगळं लटकलंय, तेच चिरतं. भावाला मी म्हटलं तुला वेल्डिंग येतं का, तो म्हणाला यूट्यूब बघतोय. विषय संपला 😀

आता फोर्ड. 8.8 हे नाव क्राउनच्या व्यासावरूनच आहे, आणि याची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे रेशो, चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे ते. लाइव्ह ॲक्सल 8.8 ची क्राउन-पिनियन आयआरएसमध्ये पण बसते, त्यामुळे 3.55, 3.73, 4.10 जे पाहिजे ते तिकडे मुबलक. हौजिंग मात्र वेगवेगळ्या. 1999 ते 2004 च्या मस्टँग कोब्राची ॲल्युमिनियमची आहे, हलकी. 2002 नंतरच्या एक्सप्लोररची बिडाची, जड आणि दणकट, पण ती एसयूव्हीच्या चेसिसला टांगायला बनवलेली, तिचे कान तुमच्या गाडीत कुठेच जुळत नाहीत. कोब्राचं सबफ्रेमसकट (सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्यासकट) पूर्ण युनिट मिळतं, आणि ते फोर्डने मुद्दाम असं बनवलं होतं की जुन्या लाइव्ह ॲक्सलच्या त्याच जागांवर बोल्ट व्हावं. अर्थात ‘जुन्या’ म्हणजे त्याच पिढीच्या मस्टँगच्या, 67 च्या नव्हे, तिथे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. त्यामुळे ‘बोल्ट-इन आहे’ असं कोणी म्हणालं की कुठल्या गाडीत ते विचारा.

कोब्राची दुसरी बाजू पण सांगतो. 2003-04 ला सुपरचार्जर आला, 390 हॉर्सपॉवर, आणि ड्रॅगवाल्या लोकांनी हाच आयआरएस काढून लाइव्ह ॲक्सल बसवायला सुरुवात केली. कारण व्हील हॉप. चिकट टायरवर क्लच सोडला की मऊ रबर बुशमुळे अख्खं युनिट नाचतं आणि हाफ शाफ्ट जातो. म्हणजे एक गट हे काढून विकतो आणि दुसरा गट विकत घेतो, आपल्या जुन्या बाजारासारखं. हार्ड बुश आणि नाकाला नीट सपोर्ट दिला की हे बरंच कमी होतं, पण आवाज आत येतो. 31 स्प्लाइनचे (टोकाला दाते पाडलेले) शाफ्ट 2003-04 ला आले, आधीच्यांना 28 होते, घेताना मोजून घ्या. रुंदीला हे युनिट 67 पेक्षा साधारण दोन-अडीच इंच जास्त आहे, म्हणजे जास्त आत जाणारं व्हील लावायचं किंवा हाफ शाफ्ट छोटे करून परत स्प्लाइन पाडायच्या. स्प्लाइन मी इथे पाडून देऊ शकतो, पण कुरिअरचा खर्च आणि कस्टम बघता त्याला तिकडेच करून घे म्हटलं.

2015 पासूनच्या मस्टँगचा आयआरएस सगळ्यात चांगला, यात वाद नाही. पण मागचा ट्रॅक 65 इंचाच्या जवळपास. 67 च्या मडगार्डमधून चाक बाहेर येऊन नमस्कार करेल. नुसता मधला डिफ घेऊन बाकी सगळं स्वतः बनवणार असाल तर गोष्ट वेगळी. निसानचा आर200 पण लोक सुचवतात, 200 मिमी म्हणजे डाना 36 एवढाच क्राउन, हलक्या गाडीत मस्त चालतो, जड गाडी आणि मोठा व्ही8 असेल तर मी नाही घेणार.

रेशोचा हिशोब पटकन करून टाकू. 26 इंची टायर, ताशी 100, म्हणजे आपल्या एक्सप्रेसवेची लिमिट. चाक मिनिटाला साधारण 803 फेरे मारतं. डायरेक्ट गिअरमध्ये (गिअरबॉक्स एकास एक) 4.10 असेल तर इंजिन 3300 ला, 3.55 ला 2850, आणि जॅग्वारच्या व्ही12 वाल्या 2.88 ला 2300. ओव्हरड्राइव्ह (त्याच्याही वरचा गिअर) नसेल तर 4.10 घालून लोणावळ्यापर्यंत डोकं उठेल.

आता इथल्यांसाठी. कॉन्टेसाला मागे लाइव्ह ॲक्सल आहे आणि 1.8 इसुझू इंजिनला तो पुरून उरतो, 88 हॉर्सपॉवरसाठी आयआरएस कशाला हे मी तोंडावर सांगतो. तरी करायचंच असेल तर वर लिहिलेलं अमेरिकन काही मागवू नका, बिडाचा गोळा समुद्रातून आणण्यात अर्थ नाही. भंगारात मर्सिडीज डब्ल्यू124 बघा, 1995 ला ही आपल्या पिंपरीतच बनायला लागली होती, मल्टिलिंक आयआरएस सबफ्रेमसकट मिळतो. दुसरी बीएमडब्ल्यू ई90, तिचा डिफ चांगला आहे पण क्राउन केजला (तो ज्यावर बसतो त्या भागाला) वेल्ड केलेला असतो, बोल्ट नाहीत, त्यामुळे पुढे एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफ) टाकायचा म्हटलं की कापाकापी. माझं मत डब्ल्यू124. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल वाचून घ्या, कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालत नाही. ट्रॅकसाठी किंवा प्रदर्शनासाठी बनवताय असं धरूनच मी बोलतोय.

कुठलाही घ्या, उघडलात तर सेटिंग घाईत करू नका. मी स्वतः बारा वर्षांपूर्वी एका डिफमध्ये पिनियन नट जरा जास्त आवळला, मग थोडा सैल करून ‘प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) आला’ म्हणून बंद केला. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी) एकदा दबली की परत फुगत नाही, नवीनच टाकावी लागते, हे माहीत असून केलं. सिंहगड पायथ्यापर्यंत गाडी भोंग्यासारखी कण्हत गेली आणि येताना टोचन लावून आली. आता मी सॉलिड स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) वापरतो, दातांना रंग लावून ठसा बघितल्याशिवाय कव्हर लावत नाही.

भावाने शेवटी 2003 चं कोब्रा युनिट बघून ठेवलंय, 31 स्प्लाइन मोजून. लाइव्ह ॲक्सलच ठेव असं पण मी त्याला एकदा म्हणालो होतो, सरळ रेषेत पळवायला त्याच्यासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. पण हिवाळ्यानंतर तिकडे रस्त्यांना इतके खड्डे पडतात की पुण्याची आठवण येते म्हणे, आणि खड्ड्यात एका चाकाचा धक्का दुसऱ्याला न लागणं हाच आयआरएसचा खरा फायदा. आता पाट्यांच्या जागी सबफ्रेम धरायला चार ब्रॅकेट लागणार आहेत. त्याची मापं त्याने पाठवलीत, एका बाजूला 4 मिमी फरक येतोय. परत खाली झोपून मोजायला सांगितलंय.