लाल डोळ्यांचा झाडबेडूक (रबरी मॉडेल): रंग झकास, डोळा चुकला
भाचीसाठी मागवलं, पण सध्या मुक्काम माझ्याच टेबलावर. पोपटी पाठ, कुशीवर निळे-पिवळे पट्टे, नारिंगी पंजे, बोटांच्या टोकांना चिकट गोल गाद्या. रंगकामाला तोड नाही. घोळ डोळ्यांत आहे. बाहुली उभ्या चिरेसारखी हवी, इथे चक्क गोल ठिपका! मापही फुगवलंय, खरी मादी जेमतेम 7 सेंमी, नर त्याहून लहान. सोबतचं कार्ड मात्र चोख: मध्य अमेरिकेतल्या जंगलात हा दिवसा पाय पोटाशी घेऊन पानाला चिकटून झोपतो, तेव्हा नुसता हिरवा दिसतो. अंडी पाण्यावर झुकलेल्या पानावर. सापाने हल्ला केला, तर पिल्लं मुदतीआधीच अंड्यातून सुटून पाण्यात पडतात. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक कार्डाचा.