रोजच्या जेवणाला काय: कळणा, दादर, बाजरी की गव्हाची पोळी?

घरात कुणाची साखर जराशी वाढली, की फर्मान निघतं: उद्यापासून पोळी बंद, भाकरी सुरू. चार दिवस उत्साहात जातात. मग पोराचा डबा अर्धा परत येतो, सकाळी सात वाजता थापायला कुणाला वेळ नसतो, आणि गव्हाच्या पिठाचा डबा मुकाट्याने ओट्यावर परत येतो.

खान्देशातल्या घराला निवड करायला खरं तर चार पिठं हाताशी असतात: कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, दादर ही इथली खास ज्वारी, बाजरी आणि गहू. त्यातलं सगळ्यात पौष्टिक कोणतं, असं विचारलं की गाडी अडते. कोण खाणार, केल्यावर किती वेळाने खाणार आणि थापणार कोण, असं विचारलं तर निर्णय पटकन होतो. माझं मत आधीच सांगून टाकते: संध्याकाळच्या जेवणाला कळणा, सकाळच्या डब्याला गव्हाची पोळी, बाजरी हिवाळ्यापुरती आणि चांगली दादर मिळाली तर तिच्यासाठी आठवड्यातला एखादा निवांत वार.

आकडे काय म्हणतात

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅमला प्रथिनं बघा: चक्कीच्या गव्हाच्या पिठात साधारण साडेदहा ग्रॅम, ज्वारीत दहा, बाजरीत अकरा. तंतुमय भाग गव्हाच्या पिठात अकराच्या वर, ज्वारीत दहाच्या थोडा वर, बाजरीत साडेअकराच्या आसपास. म्हणजे ‘गव्हात काही नसतं’ हे खरं नाही. न चाळलेलं गव्हाचं पीठ या रांगेत मागे नाही. मागे पडतं ते बारीक चाळणीतून कोंडा काढून टाकलेलं पीठ, आणि मैदा तर फारच. ज्या घरात पोळी मऊ व्हावी म्हणून रोज कोंडा उडवला जातो, तिथे धान्य बदलण्याआधी चाळणी बदलावी.

खरा फरक दिसतो तो लोहात आणि स्निग्धात. बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर, गहू आणि ज्वारीत चारच्या आसपास. स्निग्धांश बाजरीत पाच ग्रॅमच्या वर, बाकी दोघांत दोनच्याही आत. बाजरीची चव आणि बाजरीची कटकट, दोन्ही या एकाच आकड्यातून येतात. ते पुढे सांगते.

आणि एक हिशेब बहुतेक घरांत कुणी करतच नाही. पातळ फुलक्याला पंचवीसेक ग्रॅम पीठ लागतं. मध्यम भाकरीला साठ-सत्तर, आणि शेतावरून आलेल्या माणसासाठी थापलेली भाकरी शंभरालाही टेकते. घरच्या काट्यावर गोळा ठेवून पाहा. ‘तीन पोळ्या खायचो, आता दोनच भाकरी खातो’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त पीठ खात असतो. साखरेसाठी भाकरीवर येत असाल तर आधी गोळा लहान करा. धान्याचा नंबर त्यानंतर.

कळणा

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायचं तर कळणा म्हणजे ज्वारी, सालासकट अख्खे काळे उडीद आणि खडेमीठ एकत्र दळलेलं पीठ. प्रमाण घरोघरी बदलतं, पण चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद हे बहुतेकांचं. काही घरांत त्यात मूठभर मेथीदाणे जातात, काही ठिकाणी ज्वारीच्या जागी बाजरी.

हे मिश्रण कुणी आहारशास्त्र शिकून केलेलं नाही, पण हिशेब चोख आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. उडदात ते भरपूर. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, ती ज्वारीकडून मिळतात. वजनाने चारास एक घेतलं तर शंभर ग्रॅम पिठात प्रथिनं दहावरून सव्वाबाराच्या पुढे जातात, आणि ती शरीराच्या जास्त कामी येतात. उडदाच्या सालीमुळे तंतूही वाढतात. ज्या घरात मांसाहार नाही आणि डाळ पातळ होते, तिथे या पिठाला तोड नाही.

दुसरा फायदा ओट्यावर कळतो. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नाही, त्यामुळे पिठाला ताण नसतो. म्हणूनच ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं, म्हणजे स्टार्च शिजून थोडा चिकटपणा येतो. उडदाला मात्र स्वतःचाच चिकटपणा आहे. कळण्याचं पीठ कोमट पाण्यातही धरून येतं. परातीत गोळा ठेवून तळहाताने दाबत फिरवत नेला तर कड चिरत नाही, आणि चिरलीच तर ओल्या बोटाने सांधते. भाकरी हातावर उचलताना मधून तुटत नाही. नवशिक्याने सुरुवात करायची ती यानेच. ज्वारीच्या भाकरीने सुरुवात करून पहिल्या आठवड्यात हात टेकलेल्या कितीतरी जणी आणि जण मला माहीत आहेत. (जण मुद्दाम लिहिलं आहे.)

एकच पथ्य: एका वेळी एका-दोन भाकऱ्यांपुरतंच पीठ मळायचं. मळून ठेवलेला गोळा सैल पडतो. तवा लोखंडी असावा आणि चांगला तापलेला. वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची, आणि दुसरी बाजू झाल्यावर पहिली बाजू थेट आचेवर. पापुद्रा सुटला की झालं.

उणी बाजूही आहे. उडीद जड. ज्यांना वायूचा त्रास आहे त्यांनी रात्री उशिरा दोन भाकऱ्या खाऊन लगेच आडवं होऊ नये. त्यांना चारास एकऐवजी सहास एक प्रमाण चालतं. रंग करडा, म्हणून लहान मुलं पहिल्यांदा नाक मुरडतात. त्यांना भाकरीऐवजी त्याच पिठाच्या कोथिंबीर-कांदा घातलेल्या छोट्या दशम्या द्या. भरिताच्या पंगतीला कळण्याच्या पुऱ्या होतात, त्या तर कुणीच नाकारत नाही, पण पुरी तळून पौष्टिकतेचा हिशेब मांडू नये.

आणि भरीत. थंडीत यावलकडच्या बामणोदची किंवा जळगावजवळच्या आसोद्याची हिरवी, लांबट, पांढुरक्या रेघांची वांगी बाजारात येतात. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. काड्यांवर भाजलेलं वांगं, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि खाली कळणा. या जोडीसमोर मी तटस्थ राहू शकत नाही, हे मान्य. पण जोडीत आरोग्याचंही काम आहे: सोबतचा कच्चा कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची यांतलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह शोषायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर हीच मदत फुकट जाते. हाच कळणा शेवभाजीच्या लाल तर्रीत बुडवून खाल्ला, तर पौष्टिकतेचं श्रेय भाकरीला आणि दोष तर्रीला असा वाटून घ्यावा.

दादर

तापी, पूर्णा, पांझरेच्या काठच्या काळ्या जमिनीत ओलाव्यावर येणारी ही ज्वारी. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, भाकरी गोडसर आणि लुसलुशीत. पावसात काळी पडलेली खरिपाची संकरित ज्वारी आणि दादर यांची भाकरी शेजारी ठेवली, तर ज्वारी आवडत नाही म्हणणाऱ्यालाही फरक कळतो. कदाचित त्याने दादर खाल्लेलीच नसेल.

अडचण दोन. ती महाग, आणि भाकरी गरमच खायची. गार झाली की कडा कडक होतात, कारण शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होतो आणि त्याला मऊ धरून ठेवायला ग्लूटेन नाही. दुपारी एक वाजता उघडायच्या डब्यात दादर म्हणजे दादरीचा अपमान. दुधात किंवा ताकात कुस्करून खाणारी आजी-आजोबांची पिढी घरात असेल तर शिळी भाकरीही वाया जात नाही, तो भाग वेगळा. कळणा गार झाल्यावर यापेक्षा बरा राहतो, पण पोळीची बरोबरी तोही करत नाही.

बाजरी

धुळे, शिंदखेडा, साक्रीकडच्या हलक्या जमिनीवरचं धान्य. लोह जास्त, चव खमंग, भोगीला तीळ लावलेली भाकरी ठरलेली. पण तो पाच टक्के स्निग्धांश दळल्याबरोबर हवेला उघडा पडतो आणि पीठ आठ-दहा दिवसांत खवट-कडू होऊ लागतं. उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून बाजरी धान्य म्हणून साठवा, पीठ म्हणून कधीच नाही. दुकानातलं बाजरीचं पीठ घेताना दळल्याची तारीख बघा, आणि तारीख नसेल तर पिशवी परत ठेवा. महिन्याचं दळण एकदम आणणाऱ्या घराला बाजरी परवडत नाही, मग लोह कितीही असो.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर बाजरी रोज तिन्ही त्रिकाळ नको. तिच्यातले काही घटक आयोडीनच्या कामात आडवे येतात. अधूनमधून खायला हरकत नसते, पण एकदा डॉक्टरांना विचारावं.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे मक्याची भाकरी रोजची आहे आणि ताजी असताना फार गोड लागते. जळगाव-धुळ्याच्या घराला मात्र ती रोजची सवय लावणं कठीण, म्हणून इथे तुलनेत घेतली नाही.

पोळी आणि गिरणी

पोळीची बाजू थोडक्यात, कारण ती सगळ्यांना येते. डब्यात पाच तास मऊ राहते, मुलं तक्रार करत नाहीत, आणि सकाळच्या घाईत लाटणं हे थापण्यापेक्षा झपाट्याने होतं. लोकवन दळा, कोंडा ठेवा, तेल मोजून घाला. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना मोठ्या आचेसमोर भाकऱ्या थापत बसणाऱ्या बाईला ‘पोळी वाईट असते’ असं सांगू नये.

ज्यांना सीलिॲक आजार आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी मात्र हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. गहू पूर्ण बंद. आणि इथेच गिरणी आडवी येते. दळण घेऊन गेलं की गिरणीवाला दादा म्हणतो, “गहू दळू राहिलो ताई, मागेच टाकून देऊ का?” बाकीच्यांनी हो म्हणावं, गव्हाचं चिमूटभर पीठ मिसळल्याने काही बिघडत नाही. सीलिॲकच्या घराने नाही म्हणावं. ज्वारीमागे टाकूनही भागत नाही, कारण दगडाला आणि गिरणीच्या तोंडाच्या कापडाला चिकटलेला गहू निघालेला नसतो. त्या घराने छोटी घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. एरवी चक्कीवर खर्च करायची मला गरज दिसत नाही.

घरात वेगवेगळी माणसं असतील तर असं करा. शाळेत जाणारी मुलं आणि नोकरीवर जाणारे: सकाळी पोळी. मधुमेही: कळणा, पण फुलक्याच्या दीडपट एवढ्याच गोळ्याचा, आणि ताटात भाजी दुप्पट. रक्त कमी असलेली मुलगी: थंडीत बाजरी, इतर वेळी कळणा, दोन्हींसोबत लिंबू, आणि गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या चालूच. दातांचा त्रास असलेले ज्येष्ठ: दादर, गरम वरणात कुस्करून.

पहिलं दळण मोठं करू नका. दोन किलो ज्वारी, अर्धा किलो अख्खे उडीद. उडीद आदल्या दिवशी ऊन देऊन घ्या, ओलसर राहिले तर दगडाला चिकटतात आणि गिरणीवाला कुरकुरतो. दळण जरा जाडसर सांगा, अगदी मऊ पीठ थापताना पसरतं. आणि घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर खडेमीठ दळणात घालू नका. एकदा दळलेलं मीठ काढता येत नाही. मळताना ज्याच्या-त्याच्या भाकरीपुरतं घातलेलं बरं.