नेनकिन मिळालं, वीस टक्के एजंटने खाल्ले

जपानहून परत आलेल्यांचे नेनकिनचे, म्हणजे तिथल्या पेन्शनचे, पैसे घेऊन एजंट पळून जातात, असं पुष्कळांकडून ऐकलं होतं. माझा एजंट पळाला नाही. फोन उचलायचा, मेसेजला लगेच उत्तर द्यायचा, प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणायचा, आणि पेन्शनचे पैसे खरोखरच माझ्या खात्यात जमा झाले. त्याची ठरलेली दहा टक्के फी मी खुशीने दिली, शिवाय दोघातिघांना त्याचा नंबरही दिला. त्याने हात मारला तो दुसऱ्याच ठिकाणी.

ज्यांना याची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जपानमध्ये नोकरी करताना पगारातून कोसेई नेनकिनचा, म्हणजे नोकरदारांच्या पेन्शनचा हप्ता कापला जातो. एकूण १८.३ टक्के, त्यातले निम्मे कंपनी भरते. दहा वर्षं पुरी व्हायच्या आत देश सोडला तर त्यातला काही भाग एकरकमी परत मागता येतो. किमान सहा महिने हप्ते भरलेले हवेत आणि जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. बोनस धरून निघालेल्या सरासरी मासिक पगाराला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं: ३६ महिन्यांना ३.३, ६० महिन्यांना ५.५. त्यापुढे कितीही वर्षं भरा, ५.५ च्या वर जात नाही. (एप्रिल २०२१ पर्यंत तर ही मर्यादा ३६ महिन्यांवरच थांबायची.)

माझी नोकरी तीन वर्षांहून थोडी जास्त, सरासरी ३,००,००० येन. हिशोबाने ९,९०,००० येन निघाले आणि हातात आले ७,८७,८४२. मधले २,०२,१५८ येन कर म्हणून कापले गेले. हा कर २०.४२ टक्के असतो: २० टक्के आयकर आणि त्या करावर २.१ टक्के अधिभार, जो २०११ च्या भूकंपानंतर पुनर्उभारणीसाठी लावला गेला. मी विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, "सर, तो सगळ्यांचाच जातो. जपान सरकार त्यातलं काही सोडत नाही."

जपान सरकार सोडतं. देश सोडून गेलेल्याच्या रकमेतून आधी सरसकट कर कापतात, पण नंतर 'मला रहिवाशाच्या निवृत्तीच्या रकमेसारखा कर लावा' असा अर्ज झेइमुशोत, म्हणजे कर कार्यालयात, करता येतो. त्या हिशोबात नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ४,००,००० येनची सूट आहे. माझी सगळी रक्कम त्या सुटीतच बसत होती. कर शून्य, म्हणजे २,०२,१५८ च्या २,०२,१५८ येन परत.

आता यातली मेख. पेन्शन कार्यालय पैसे फक्त अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात टाकतं, आणि खातं आपल्याच नावावर असल्याचा बँकेचा पुरावा मागतं. तिथे एजंटला काही करता येत नाही. कराचं तसं नाही. परदेशात गेलेल्या माणसाने जपानमध्ये राहणारा एक प्रतिनिधी नेमायचा असतो, त्याला नोझेई कानरिनिन म्हणतात. तोच अर्ज भरतो, झेइमुशोची पत्रं त्याच्याच पत्त्यावर जातात आणि परताव्याचे पैसे त्याच्या जपानी खात्यात जमा होतात. म्हणजे तो गप्प बसला तर आपल्याला कळायचा मार्गच नाही. यांचा धंदा सगळा त्या गप्प बसण्यावर चालतो.

माझ्याकडून कागद कसे काढून घेतले ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच कागद येतील. पेन्शनच्या अर्जावर इंग्रजी होतं, तो नीट वाचून भरला. त्याच गठ्ठ्यात तळाशी एक पान नुसतं जपानीत होतं आणि सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारलेली होती. "पत्ता बदलल्याची नोंद आहे सर, फॉर्मॅलिटी." ते पान म्हणजे कानरिनिन नेमल्याचा फॉर्म. पुढे पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र घरी यायच्या आधीच त्याचा मेसेज आला: "लेटर आलं की ओरिजिनल कुरिअर करा, फाइल क्लोज करायची आहे. झेरॉक्स चालणार नाही." पत्रावर एका रकान्यात एकूण रक्कम, शेजारी कापलेला कर. मी फोटो काढून ठेवला आणि मूळ पत्र पाठवून दिलं. त्याला मूळ पत्रच का हवं होतं? कराच्या अर्जाला तेच जोडावं लागतं म्हणून.

पुढे जुन्या ऑफिसातला एक सहकारी सहज बोलता बोलता म्हणाला की त्याला पैसे दोनदा आले. एजंटला विचारलं तर, "त्यांचा व्हिसा वेगळा असेल." व्हिसा एकच होता. मग, "ते रिफंड आता बंद झालंय." मग नुसत्या निळ्या टिका.

योकोहामात राहणाऱ्या एका मित्राला मी नवा कानरिनिन नेमलं. ज्या फॉर्मवर नेमणूक होते त्याच फॉर्मवर जुन्याला काढून टाकायचीही सोय आहे. माझा जपानमधला शेवटचा पत्ता ज्या झेइमुशोच्या हद्दीत होता तिथे जाऊन त्याने माझ्या नावाने भरलेला अर्ज बघायला मागितला. कानरिनिनला तो बघू देतात, फोटोही काढू देतात. माझं नाव, २,०२,१५८ चा आकडा, आणि खाली एजंटचा खाते क्रमांक. तिथला अधिकारी अगदी अदबीने म्हणाला की नेमलेल्या प्रतिनिधीला पैसे दिले गेले, आमच्या बाजूने विषय संपला. त्याच्या जागी तो बरोबरच होता.

फोटो पाठवल्यावर एजंटचा सूर बदलला. ती म्हणे त्यांची 'सर्व्हिस फी'. कुठल्या कराराप्रमाणे, याला उत्तर नाही. मित्राने तिथल्या पोस्टातून मजकुराची नोंद राहते तसलं पत्र पाठवलं आणि त्यात लिहिलं की ६,००,००० येनपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या प्रक्रियेत चालतो. त्यानंतर निम्मे पैसे आले, आणि सोबत 'माझी काही तक्रार नाही' असा सहीसाठी कागद. त्यावर मी सही केलेली नाही. उरलेल्या निम्म्यासाठी दावा लावायची तयारी चालू आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल हे लोक ताकास तूर लागू देत नाहीत. फी घेऊन पेन्शनचा अर्ज भरून द्यायचं काम शारोशीचं, कराचा अर्ज झेइरिशीचा. दोघांनाही परवाना लागतो आणि दोघांचीही नावं त्यांच्या संघटनांच्या यादीत शोधता येतात. माझा एजंट दोन्ही नव्हता. कानरिनिन व्हायला मात्र काहीच पात्रता लागत नाही, तिथे राहणारा विश्वासातला मित्रही चालतो.

सात-आठ वर्षं राहिलेल्यांनी तर अर्ज करायच्या आधीच थांबून विचार करावा. एकरकमी पैसे घेतले की तेवढी वर्षं पेन्शनच्या खात्यातून पुसली जातात. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं पुरी करताना दोन्ही देशांतला काळ एकत्र धरता येतो. कमिशनवर जगणारा माणूस हे कशाला सांगेल? आणि ज्यांना भारतातल्या कंपनीने कव्हरेजचं प्रमाणपत्र (हप्ते भारतातच भरले जात असल्याचा दाखला) देऊन पाठवलं होतं, त्यांचं नेनकिन मुळात कापलंच गेलेलं नसतं. अशांकडूनही 'रजिस्ट्रेशन'चे पैसे उकळलेले मी पाहिलेत.

करपरतावा मागायला पाच वर्षांची मुदत असते. त्यामुळे ज्यांना पैसे एकदाच आलेत, त्यांनी मंजुरीचं पत्र काढून कापलेल्या कराचा रकाना बघावा. मूळ पत्र एजंटकडे गेलं असेल तर आधी नवा कानरिनिन नेमा आणि त्याच्याकरवी झेइमुशोत चौकशी करा. परतावा अजून निघालेला नसेल तर तो जुन्याच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतो.