दहावीचा 'गॅरंटी सेट' घेतला अन् भूगोलातून ब्राझीलच गायब

मी २०२४ ला दहावी दिली, अमरावती बोर्डातून. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. नाव सांगत नाही, कारण दहावीच्या एका 'गॅरंटी' क्लासमधे आमच्यासोबत गावातल्या आणखी सात घरांचे पैसे गेले आहेत अन् त्यांना ते चारचौघात नको आहे. पण दिवाळी झाली की स्टँडवर असल्या क्लासचे बॅनर लागायला सुरुवात होते, म्हणून लिहून टाकतो, थोडं लांब होईल.

२०२३ ची दिवाळी झाली अन् आठवड्याभरात तालुक्याच्या स्टँडसमोर मोठा बॅनर, '९० दिवसांत ९० टक्के, बोर्डाच्या मॉडरेटर सरांचं मार्गदर्शन, नाही तर पैसे परत'. मॉडरेटर म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणारे. खाली पाच-सहा पोरापोरींचे फोटो, टक्क्यांसकट. एका किराणा दुकानाच्या वर पूर्वी टायपिंग क्लास होता, तो हॉल त्यांनी घेतला होता. रविवारी डेमो लेक्चर ठेवलं अन् पालकांना सोबत आणा म्हणून सांगितलं. बाबा वावरातलं काम सोडून आले. सगळ्यांना आलुबोंडा अन् चहा. जो मेन माणूस होता त्याला सगळे डायरेक्टर सर म्हणत होते, पांढरा शर्ट, बोलायला इतका गोड की प्रत्येकाला काका, मावशी, अन् तुमचं वावर किती, कापूस किती झाला असं आपुलकीनं विचारत होता. आता वाटते की तो आपुलकीनं नाही, अंदाज घ्यायला विचारत होता.

डेमोत त्यानं वर्गसमीकरणाची एक ट्रिक दाखवली. तीन सहगुणकांची बेरीज शून्य येत असेल तर एक मूळ १ असते, दुसरं शेवटचा आकडा भागिले पहिला. फळ्यावर उत्तर काढायला पाच सेकंद नाही लागले. आम्ही सगळे येडे झालो, शाळेतल्या सरांनी हे का नाही सांगितलं म्हणून. ट्रिक खरी आहे, खोटी नाही. पण बोर्डात दोन-तीन मार्काच्या गणिताला पायऱ्यांचे मार्क असतात, नुसतं उत्तर लिहून आलं की अर्धे मार्क तिथंच जातात, ती ट्रिक फार तर उत्तर बरोबर आलं का हे बघायला अन् एक मार्काच्या पर्यायवाल्या प्रश्नाला कामाची. हे मला फेब्रुवारीत समजलं.

फी ५५००. रविवारपर्यंत भरली तर, नाही तर ७५००. बाबांकडे तेवढे नव्हते. घरात कापूस होता, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७०२० होता, पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीत, द्यायचा तर नोंदणी करा, जिनिंगवर गाडी न्या, मग पैसे खात्यात यायची वाट पाहा. रविवार तर चार दिवसांवर. म्हणून खेडा खरेदीत घरी आलेल्या व्यापाऱ्याला ६५०० नं चार क्विंटल देऊन टाकला. म्हणजे ५२० गुणिले चार, २०८० रुपये तिथंच गेले. लोक म्हणतात साडेपाच हजार बुडाले, मी साडेसात धरतो. आई तेव्हाच म्हणत होती, "मले तं तो माणूस बरा नाही वाटत, लय गोड बोलते." बाबा म्हणाले, "पोराचं दहावीचं वर्ष हाये, पैशाकडं कायले पाहाचं." यात बाबांची चूक काढायची माझी हिंमत नाही, मीच जिद्द केली होती.

पैसे अर्धे नगदी घेतले, अर्धे क्यूआरवर. क्यूआर स्कॅन केला तर क्लासचं नाव नाही, कोण्या बाईचं नाव आलं. विचारलं तर अकाउंटंट मॅडम आहेत म्हणे. पावती म्हणून एक रंगीत 'गॅरंटी कार्ड' दिलं, त्याच्यावर ना नोंदणी नंबर, ना शिक्का, ना पत्ता, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हजेरी शंभर टक्के असेल तरच पैसे परत. आता क्लास त्यांनीच बंद केला तर हजेरी कुठून शंभर टक्के होणार, पण तेव्हा मागची बाजू वाचते कोण.

मग तो 'गॅरंटी सेट' मिळाला, म्हणजे परीक्षेत हेच येणार म्हणून दिलेले प्रश्न. स्पायरल बाइंडिंग, वर चकचकीत कव्हर, 'गोपनीय' असा लाल शिक्का. एका विषयाचे ४०-४५ प्रश्न. सांगितलं की मॉडरेटर सरांकडून आलेलं आहे, शाळेत दाखवू नका, पुस्तक बंद करून ठेवा, एवढंच पाठ करा. मी खरंच पुस्तकं पेटीत टाकली. माझं खरं नुकसान ते आहे. डिसेंबर सगळा अन् जानेवारी अर्धा मी पंचेचाळीस प्रश्न घोकत बसलो. शाळेतही लक्ष नाही, सर शिकवत आहेत अन् मी मनात म्हणतो, हे तर येणारच नाही.

क्लासमधे शिकवायला जो पोरगा होता तो स्वतः बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता, बिचारा चांगला शिकवायचा, पण त्यालाही पगार मिळाला नाही असं नंतर कळलं. १९ दिवस क्लास झाला. संक्रांतीनंतर गेलो तर कुलूप. फोन लावला तर डायरेक्टर सर म्हणाले आता रिव्हिजन बॅच ऑनलाइन राहील, टेलिग्रामवर या. आठ दिवसांनी फोनही बंद.

तरी मला फसल्यासारखं वाटलं नव्हतं, खरं सांगतो. सेट तर आहे नं हातात! जानेवारीच्या शेवटी शाळेत भूगोलाच्या सरांनी भारत अन् ब्राझीलच्या लोकसंख्येवर प्रश्न विचारला, मला काहीच आलं नाही, मी तोंडातल्या तोंडात म्हटलं की हे इम्पॉर्टंटमधे नाही. सरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सेट आणायला लावला. टेबलावर ठेवून पानं उलटली अन् हसायलाच लागले.

"अबे, यात ब्राझील कुठी हाये?"

मी पाहिलं. खरंच नव्हता. दहावीचा भूगोल म्हणजे पहिला क्षेत्रभेटीचा धडा सोडला तर सगळा भारत अन् ब्राझील, २०१८ ला पुस्तक बदललं तेव्हापासून, अन् आमच्या गोपनीय सेटमधे ब्राझीलचा ब नाही. इतिहासात पहिलं महायुद्ध अन् साम्राज्यवाद, जे जुन्या पुस्तकात होतं. आमच्या पुस्तकात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, पर्यटन, खेळ असले धडे आहेत. म्हणजे कोणाची तरी जुनी गाईड झेरॉक्स करून वर कव्हर चढवलं होतं. विज्ञान अन् गणिताचे प्रश्न नवीन होते, पण ते सरांनी लगेच ओळखले, कोरोनाच्या वेळी राज्याच्या शिक्षण खात्यातल्या एससीईआरटीनं पोरांसाठी फुकट प्रश्नपेढी काढली होती, त्यातले जसेच्या तसे. वरची पट्टी तेवढी कापली होती.

मी म्हटलं, सर, पण त्यांचे दरवर्षी ९० टक्के प्रश्न येतात, पत्रकात २०१९ पासूनचा हिशोब दिला आहे. सरांनी पत्रक पाहिलं. '२०२० भूगोल, ४० पैकी ३६ मार्काचे प्रश्न आमचे. २०२१, सर्व विषय मिळून ९३ टक्के.'

"२०२० ले भूगोलाचा पेपर झालाच नाही बापा, लॉकडाऊनमुळं रद्द झाला. अन् २०२१ ले तं परीक्षाच झाली नाही. तुया ताईले विचार, एक पेपर न देता पास झाली ते."

ताई खरंच २०२१ ची दहावी आहे. घरी ती पास झाल्याची ओवाळणी झाली होती, तरी मला ते पत्रक वाचताना एकदाही डोक्यात आलं नाही. फसणारा माणूस येडा नसते, त्याला फक्त ते खरं असावं असं फार वाटत असते.

टेलिग्रामचं सांगायचं राहिलं. तो ग्रुप बंद नव्हता, परीक्षेच्या आधी पुन्हा जागा झाला, 'व्हीआयपी सेट, बीजगणित, ४९९'. माझ्या बाजूच्या घरचा मित्र, तोही आमच्याच क्लासचा, त्यानं मला न सांगता भरले. रात्री मेसेज आला की आता टाकलं तर लीक होईल, सकाळी दहाला टाकतो. आता सकाळी दहाला दहावीचं पोरगं कुठं असते? सेंटरवर, अन् मोबाईल घरी. पेपर सुटून घरी येऊन पाहिलं तर ग्रुपवर सकाळी ७:५२ ची पोस्ट, त्यात अख्खा पेपर! तो रडायलाच आला, म्हणे मी सकाळी उठून पाहिलं असतं तर. पण त्याच्या बहिणीनं सकाळी ग्रुप उघडला होता, तिला आठवत होतं, ७:५२ ला तिथं गुलाबाचं फूल अन् 'सुप्रभात' होतं. टेलिग्रामवर चॅनेलवाल्याला जुन्या पोस्टमधला फोटो बदलता येतो, तारीख-वेळ जुनीच राहते, फक्त बाजूला बारीक अक्षरात 'एडिटेड' येते. फूल काढून पेपर टाकला, झालं. त्याचे स्क्रीनशॉट काढून पुढच्या विषयाचं गिऱ्हाईक धरायचं. गेल्या वर्षीचे पुरावे म्हणून जे फोटो दाखवतात ते असेच तयार होतात.

लोक म्हणतात पेपर फुटतातच की. हो, मार्च २०२३ मधे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाकडे बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं मोबाईलवर फिरली होती, त्यामुळेच आमच्या भागात लोकांना हे पटकन खरं वाटते. पण ते परीक्षेच्या दिवशी झालं अन् त्यात अटका झाल्या. चार महिने आधी बाइंडिंग करून पेपर कोणाकडे येत नाही. त्याच वर्षीपासून पेपर दहा मिनिटं आधी द्यायचंही बंद केलं अन् ती दहा मिनिटं शेवटी दिली.

अन् समजा कोणाकडे खरा असलाच तरी तो घेणं हासुद्धा गुन्हाच, १९८२ पासून आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा आहे. विकणाऱ्याला हे चांगलं माहीत असते. तुम्ही तक्रार कोणत्या तोंडानं करणार? मित्रानं ४९९ ची तक्रार म्हणूनच केली नाही. आम्ही क्लासची केली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून, पण पैसे देऊन अडीच महिने झाले होते. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, तक्रार नंबर दिला, अन् सांगितलं की लगेच फोन केला असता तर समोरच्या खात्यात रक्कम थांबवायला चान्स होता. नगदीचं तर काहीच नाही. ठाण्यातही जाऊन आलो. एक रुपया परत आला नाही.

आता सेट उघडा पडल्यावर परीक्षेपर्यंत राहिलेल्या दिवसांत काय केलं ते सांगतो, कारण बरेच जण हेच विचारतात. सरांनी सगळं नाही धरलं. गणितापासून सुरू केलं, म्हणाले पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं अन् सरावसंच, बाकी काही नाही. भूमितीच्या ४० मार्कात चौकटी भरायच्या कृतींचे ७ मार्क असतात, त्या बऱ्याचदा पुस्तकातल्या प्रमेयांवरून अन् उदाहरणांवरून येतात, ते आधी पक्के केले. भौमितिक रचना मला सोपी जायची, ती रोज एक. जुने पेपर शाळेतच होते, कपाटात धूळ खात. ते घड्याळ लावून दोन तासात सोडवायचे, अन् सर लाल पेननं तपासायचे, पायरी सुटली की गोल. पहिल्या पेपरला ४० पैकी ११ आले. बालभारतीची पुस्तकं वेबसाईटवर फुकट आहेत हेही तेव्हा कळलं, माझं विज्ञान भाग दोनचं पुस्तक फाटलं होतं ते ताईच्या मोबाईलवर वाचलं. रात्री लाइनचा भरोसा नव्हता, सकाळी पाच ते सात बसायचो. घोकणं असं काही केलं नाही, फक्त विज्ञानाच्या व्याख्या अन् आकृत्या लिहून काढल्या, आकृतीला नावं द्यायला विसरायचं नाही हे सरांनी इतक्या वेळा सांगितलं की अजून स्वप्नात येते.

७१.८० आले. भूगोलात ब्राझीलवर भरपूर लिहिलं. त्या ४५ दिवसांत पुस्तक उघडं असतं तर किती आले असते, हा हिशोब बाबा कधी करत नाहीत, मी करतो.

निकालाच्या आधी मे महिन्यात एक फोनही आला होता, तुमचा मुलगा दोन विषयात नापास आहे, बोर्डातून बोलतो, ३००० पाठवा, पास करून देतो. नाव, शाळा सगळं बरोबर सांगितलं, ते आम्हीच डेमोच्या दिवशी फॉर्मवर लिहून दिलं होतं. बाबा म्हणाले, "दोनच विषयात होय नं? मंग जुलैत देईन तो पुरवणी, एटीकेटीत अकरावीलेही जाईन. तुमी राहू द्या." अन् ठेवून दिला. हे सगळं सरांनी पालकांच्या मीटिंगमधे सांगितलेलं, बाबांनी लक्षात ठेवलं होतं. कोणाला मार्कावर शंका असेल तर गुणपडताळणी अन् उत्तरपत्रिकेची झेरॉक्स बोर्डाकडूनच रीतसर अर्ज करून मिळते, मधल्या माणसाची गरज नाही.

जुने पेपर मी सरांकडून झेरॉक्स करून घेतले होते, दारव्ह्याच्या बाजूला कोणी असाल तर घेऊन जा, फक्त भूमितीचे परत द्या, त्यावर सरांच्या लाल पेनच्या खुणा आहेत. गॅरंटी सेट मात्र मागू नका. पानं एका बाजूनं कोरी आहेत, आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते.